वय झालं की आजार सुरू झाला? गटाच्या वहीतून शिकलेला एक धडा



या अंकातल्या आरोग्याच्या पाठासाठी मी पार्किन्सन हा आजार निवडला आहे. आपल्याकडे त्याला कंपवात म्हणतात. बैठकीत मी हे नाव घेतलं तेव्हा बऱ्याच जणी म्हणाल्या, "हां, ते हात थरथरायचं." तेवढंच आपल्याला माहीत असतं. मलाही तेवढंच माहीत होतं. समाजकार्याची पदवी घेताना आरोग्याचे दोन पेपर दिले, पण हा आजार माझ्या डोळ्यांसमोर दोन वर्षं बसला होता आणि मला दिसला नाही. म्हणून सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

आपल्या प्रभागात एक जुना गट आहे. गावाचं आणि गटाचं नाव लिहीत नाही. गटाच्या अध्यक्षांना सगळे अक्का म्हणतात. वय सदुसष्ट. गट सुरू झाला तेव्हापासून बँकेच्या व्यवहारावर त्यांची सही. गेल्या वर्षी खरिपाच्या तोंडावर तीन सभासदांचं कर्ज मंजूर झालं आणि पैसे काढायची स्लिप बँकेतून परत आली. कारण लिहिलं होतं, सही जुळत नाही. अक्कांनी पुन्हा सही केली, पुन्हा परत. खताची वेळ निघून चालली होती. बायका चिडल्या. एकीने बैठकीत बोलून टाकलं, "अक्का सही करतच नाहीत. सून करते त्यांच्या जागी." सून तिथेच दाराशी उभी होती. ती काही न बोलता निघून गेली. अक्काही गप्प. चेहऱ्यावर राग नाही, दुःख नाही, काहीच नाही. मला वाटलं, यांना काही पडलेलंच नाही.

त्या दिवशीच्या भेट अहवालात मी लिहिलं, "अध्यक्षांचे वय झाले आहे. कामात लक्ष नाही. पदाधिकारी बदल करावा." ठराव झाला, पद बदललं, खतं आली. अक्का बैठकीला येईनाशा झाल्या.

पाच-सहा महिन्यांनी गटाचे जुने दप्तर तपासायचं काम निघालं. मागच्या पाच वर्षांच्या इतिवृत्ताच्या वह्या घेऊन बसले. प्रत्येक बैठकीच्या खाली सगळ्यांच्या सह्या, एकीखाली एक. त्या गटात अक्कांच्याच वयाच्या एक मावशी आहेत. दोघी साक्षरता वर्गात एका बाकावर बसून सही शिकल्या होत्या. यादीतही दोघींची नावं लागोपाठ. पानं उलटता उलटता मला दिसलं ते असं. मावशींची सही पाच वर्षांत जरा वाकडी झाली होती, रेघ थोडी हलत होती, पण पहिलं अक्षर जेवढं मोठं तेवढंच शेवटचं, आणि पाच वर्षांपूर्वी जेवढी जागा घ्यायची तेवढीच आताही. अक्कांची सही मात्र दर वर्षी आकसत गेली होती. आधी अर्धी ओळ भरायची. मग पाव. शेवटच्या वहीत तर पहिलं अक्षर ठीक, पुढची अक्षरं बारीक होत होत मुंग्यांच्या रांगेसारखी.

सही त्यांचीच होती, फक्त लहान झाली होती. ती वही मी आपल्या आशाताईंना दाखवली. त्यांनी अक्कांना आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तिथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून पुढे जिल्ह्याला मेंदूविकार तज्ज्ञांकडे नेलं. निदान झालं, पार्किन्सनची सुरुवात.

आता खरा पाठ. अक्कांना हा आजार, आणि त्यांच्याच वयाच्या मावशी निरोगी. दोघी सावकाश चालतात, दोघींचे गुडघे दुखतात, दोघी नावं विसरतात. मग फरक ओळखायचा कसा?

आधी शरीरात काय होतं ते थोडक्यात. आपल्या मेंदूत खोलवर एक छोटा, काळसर दिसणारा भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. हात उचलणं, पाऊल टाकणं, वळणं, हसणं या हालचाली सुरळीत व्हायला ते लागतं. गाडीच्या इंजिनाला ऑइल लागतं तसं समजा. पार्किन्सनमध्ये या पेशी हळूहळू मरतात. त्या का मरतात याचं एकच कारण सांगता येत नाही. पण बाहेरून लक्षणं दिसायला लागतात तेव्हा त्या भागातल्या बऱ्याच पेशी आधीच गेलेल्या असतात. म्हणजे "सुरुवात" आपण म्हणतो ती आपल्याला दिसलेली सुरुवात. आत काम बरीच वर्षं चाललेलं असतं.

हा आजार पहिल्यांदा नीट लिहून ठेवला तो लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने, १८१७ साली. त्याने सहाच माणसांवरून लिहिलं, आणि त्यातल्या काहींना तर त्याने फक्त रस्त्याने जाता-येताना पाहिलं होतं. मशीन नाही, रक्त तपासणी नाही. चाल पाहिली, हात पाहिला. आजही याचं निदान मुख्यतः डॉक्टर बघून आणि तपासूनच करतात. साध्या रक्ताच्या तपासणीत हा आजार दिसत नाही. त्यामुळे घरच्या माणसाने काय पाहिलं याला इथे फार किंमत आहे. ११ एप्रिल हा त्या डॉक्टरचा जन्मदिवस, म्हणून तोच जागतिक पार्किन्सन दिन.

शास्त्रज्ञांना पण आपल्यासारखाच प्रश्न पडतो, वयाचं किती आणि आजाराचं किती. त्यासाठी ते काय करतात हे समजलं तर आपल्यालाही बघता येईल. शेतीशाळेत तुम्ही पाहिलं असेल, नवीन पद्धतीच्या वाफ्याशेजारी नेहमीच्या पद्धतीचा वाफा ठेवतात. जमीन तीच, पाणी तेच, पेरणीचा दिवस तोच. मग जो फरक दिसेल तो पद्धतीचा. माणसांच्या अभ्यासातही तसंच. आजार असलेल्या लोकांशेजारी त्याच वयाच्या निरोगी लोकांचा गट ठेवतात. बऱ्याचदा रुग्णाचा नवरा, बायको किंवा मैत्रीणच त्या निरोगी गटात असते. सत्तर वर्षांच्या आजारी बाईची तुलना तिच्या पंचविशीतल्या सुनेशी केली, तर म्हातारपणाचा सगळा दोष आजाराच्या माथी जाईल. आणि कशाशीच तुलना केली नाही, तर आजाराचा सगळा दोष म्हातारपणाच्या माथी जातो. मी अक्कांच्या बाबतीत दुसरी चूक केली.

असा एक मोठा अभ्यास २०१० साली सुरू झाला. मायकेल जे. फॉक्स हा अमेरिकेतला नट, त्याला १९९१ साली, तिशीही पूर्ण झाली नव्हती तेव्हा हा आजार असल्याचं कळलं. पुढे त्याने या आजाराच्या संशोधनासाठी संस्था काढली आणि तिच्या पुढाकाराने हा अभ्यास उभा राहिला. पहिल्या टप्प्यात नुकतंच निदान झालेले, अजून औषध सुरू न केलेले चारशेहून जास्त रुग्ण घेतले आणि सुमारे दोनशे निरोगी माणसं. दोन्हीकडचं सरासरी वय साठीच्या आसपास. निरोगी गटात अशीच माणसं घेतली ज्यांच्या आई-वडील, भाऊ-बहीण, मुलांत कुणाला हा आजार नाही. मग दोन्ही गटांच्या त्याच त्याच तपासण्या, वर्षानुवर्षं. औषध सुरू न केलेले का घेतले, तर गोळीने लक्षणं झाकली जातात आणि मग आजाराचं खरं रूप दिसत नाही.

यातली मला आवडलेली तपासणी वासाची. एक छोटी पुस्तिका असते. पानावरचा ठिपका खरवडायचा, हुंगायचं आणि कसला वास ते चार पर्यायांतून सांगायचं. असे चाळीस वास. सुरुवातीच्या रुग्णांचे गुण निरोगी माणसांपेक्षा सरासरीने बरेच कमी आले. त्या वेळी त्यांचा हात-पायांचा त्रास तसा कमीच होता, पण नाक आधीच मंद झालेलं. बद्धकोष्ठ आणि झोपेत ओरडणं, हात-पाय मारणं हेही रुग्णांच्या गटात जास्त. मात्र हेही तितकंच खरं की काही रुग्णांचं नाक उत्तम होतं आणि काही निरोगी माणसांचं मंद. म्हणजे एका खुणेवरून कुणालाही आजारी ठरवता येत नाही. वय वाढलं की वास सगळ्यांचाच थोडा कमी होतो. सर्दीने जातो, तपकिरीने जातो, कोविडमध्ये तर घराघरात गेला होता.

आपल्याकडचंही एक उदाहरण सांगते. १९८०च्या दशकात मुंबईतल्या पारशी वसाहतींत घरोघरी जाऊन पाहणी झाली. दर लाख माणसांमागे सुमारे ३२८ जणांना पार्किन्सन आढळला. आकडा खूप मोठा वाटला. पण पारशी समाजात म्हाताऱ्या माणसांचं प्रमाणच जास्त, आणि हा आजार मुख्यतः साठीनंतरचा. वयाचा हिशेब न धरता आकडे शेजारी ठेवले तर आपण लगेच म्हणू, पारशांना हा आजार जास्त होतो. हिशेब धरला की फरक बराच कमी होतो.

आता आपल्या घरात काय पाहायचं ते. अक्कांच्या सुनेशी मी नंतर दोन तास बोलले. तिला सगळं ठाऊक होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी जे पुढे लिहिते आहे त्यातलं निम्मं तिने सांगितलेलं आहे.

ती म्हणाली, "आत्या चार-पाच वर्षांपासून फोडणी करपली तरी हलायच्या नाहीत. मला वाटायचं मुद्दाम करतात." अक्कांना वासच येत नव्हता. पोट साफ होत नाही ही तक्रार त्याहून जुनी. झोपेत अक्का ओरडायच्या, हात मारायच्या, एकदा खाटेवरून पडल्या. घरच्यांनी बाहेरचं काही आहे का म्हणून दोन ठिकाणी दाखवलं, पैसे गेले. खरं कारण असं, की निरोगी माणूस स्वप्न बघताना अंग सैल सोडून पडलेला असतो. या त्रासात ते सैल पडणं होत नाही, त्यामुळे स्वप्नातली मारामारी हातापायांतून बाहेर येते. सगळ्याच रुग्णांना हे होत नाही, पण ज्यांना होतं त्यांना ते हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी होऊ शकतं.

मग भाकरी. सून सांगत होती की आत्यांची भाकरी एका अंगाला जाड राहू लागली. उजवा हात मागे पडायचा. चोळीचे हूक लावायला वेळ लागायचा, तोही उजव्याच हाताने. उजवा खांदा आखडला म्हणून सहा महिने तेलाने चोळला. इथे नीट लक्ष द्या तायांनो, कारण वय आणि आजार यातला मोठा फरक इथेच आहे. म्हातारपण दोन्ही बाजूंना साधारण सारखं येतं. पार्किन्सन सहसा एका बाजूला सुरू होतो. एक हात, त्याच बाजूचा पाय. दुसरी बाजू पुढे महिन्यांनी, वर्षांनी. चालताना एक हात नेहमीसारखा झुलतो आणि दुसरा अंगाला चिकटून राहतो. एकाच पायाची चप्पल घासते किंवा निसटते. "एकच खांदा दुखतोय" म्हणून फिरणाऱ्या काही माणसांत मूळ हे निघतं. सगळ्यांत नाही, खांदे आखडायची दुसरी कारणं जास्त आहेत.

दुसरा फरक सहीतला. निरोगी म्हातारी माणसं कामं सावकाश करतात, पण त्यांची लय टिकते. मावशी तांदूळ निवडायला तासभर लावतात, पण पहिल्या सुपाला जसा हात चालतो तसाच शेवटच्या सुपाला. पार्किन्सनमध्ये हालचाल करता करता लहान होत जाते. डॉक्टर यासाठी एक सोपी गोष्ट करायला सांगतात. अंगठा आणि पहिलं बोट जितकं लांब नेता येईल तितकं नेऊन, भरभर दहा-पंधरा वेळा टेकवायचं. निरोगी माणूस वेग कमी असला तरी बोट तेवढंच उघडतो. आजाराच्या सुरुवातीला बोट आधी पूर्ण उघडतं, मग अर्धं, मग मध्येच अडकतं. अक्कांचा डावा हात ठीक चालला, उजवा सहाव्या-सातव्या वेळेलाच आकसला. सहीचं तेच, आवाजाचंही तेच. वाक्य मोठ्याने सुरू होतं आणि शेवट ऐकू येत नाही. बैठकीत आम्ही अक्कांना "मोठ्याने बोला" म्हणायचो.

थरथरीचं सगळ्यात शेवटी लिहिते आहे, कारण अक्कांना थरथर नव्हतीच. दहातल्या दोन-तीन रुग्णांना सुरुवातीला ती नसते, आणि आपण तिच्याचसाठी थांबलेले असतो. ज्यांना असते त्यांची कशी असते? हात मांडीवर निवांत पडलेला असताना अंगठा-बोट सुपारी चोळल्यासारखं हलतं. काही घ्यायला हात पुढे केला की थरथर थांबते किंवा कमी होते. याच्या उलट दुसऱ्या प्रकारची थरथर असते. हात निवांत असताना काही नाही, पण चहाची कपबशी उचलली की बशी वाजायला लागते, दोन्ही हातांत असते, बऱ्याचदा आईला किंवा बापालाही असते. तो पार्किन्सन नाही. आमच्या मावशींचा हात असाच हलतो. गंमत म्हणजे बैठकीत सगळ्यांना मावशींचीच काळजी वाटायची.

चालण्याचं पण एक सांगते. अभ्यासात लोकांना चालता चालता उलटा हिशेब करायला लावतात, शंभरातून तीन वजा, परत तीन वजा. निरोगी म्हातारी माणसंसुद्धा थोडी मंदावतात. सुरुवातीच्या रुग्णांची चाल जास्त मंदावते, पावलं आखूड आणि कमी-जास्त पडायला लागतात. कारण इतरांची चाल आपोआप चालते, त्यांना मात्र चालण्याकडे लक्ष द्यावं लागतं आणि लक्ष हिशेबात गुंतलं की पाय मागे राहतात. अक्का माझ्याशी बोलायला रस्त्यात थांबायच्या. मला वाटायचं मान देतात. हा प्रयोग घरी कुणी करून बघू नका, पडायची भीती असते.

आणि चेहरा. हे लिहिताना मला अजून वाईट वाटतं. या आजारात चेहऱ्याच्या हालचालीही मंदावतात. पापण्या कमी लवतात, हसू उमटत नाही. आत सगळं कळत असतं, दुखत असतं, बाहेर दिसत नाही. त्या बैठकीत अक्का कोऱ्या चेहऱ्याने बसल्या आणि आम्ही सगळ्यांनी त्याचा अर्थ आपापल्या मनाने लावला. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, हेही सुनेनेच सांगितलं.

आता वाचताना प्रत्येकीला आपल्या सासूत, आईत, कदाचित स्वतःत दोन-चार गोष्टी सापडतील. घाबरू नका. बद्धकोष्ठ निम्म्या गावाला असतं. पण दोन-तीन खुणा एकत्र असतील, एका बाजूला जास्त असतील आणि गेल्या वर्षापेक्षा वाढल्या असतील, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. तुलना दोघींशी करा, तिच्याच वयाच्या दुसरीशी आणि तिच्याच जुन्या स्वतःशी. जुनी सही, लग्नातला जुना व्हिडिओ, मोबाइलमधलं जुनं बोलणं, काहीही चालेल. डॉक्टरांकडे जाताना ते सोबत न्या. अक्कांच्या डॉक्टरांनी आमची वही पाच मिनिटं उलटून पाहिली.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. हात-पाय अचानक, तासा-दोन तासांत लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोबडं बोलणं सुरू झालं, तर तो लकवा. तेव्हा बैठक नाही, वही नाही, सरळ १०८ला फोन. पार्किन्सन महिन्या-वर्षांनी वाढतो. आणि सुरुवातीलाच वारंवार पडणं किंवा घरच्यांनाच न ओळखणं असेल तर आजार दुसरा असू शकतो, तेही डॉक्टरांना सांगा.

जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. रिकामी असली तरी. चक्करेसाठी, उलटीसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या, जशी सिनारिझिन किंवा मेटोक्लोप्रामाइड, म्हाताऱ्या माणसाने महिनोन्‌महिने खाल्ल्या तर हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणं येतात. डॉक्टरांनी त्या बंद केल्या की ती बहुतेकदा हळूहळू कमीही होतात. आपल्याकडे एकदा लिहून दिलेली चक्करेची गोळी मेडिकलमधून वर्षभर आणून खाणाऱ्या आजी मी किती पाहिल्यात. पण चालू गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका.

गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातून ई-संजीवनीवर मोठ्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं. पहिल्या विचारणीला ते बरं पडतं. निदानासाठी मात्र हात लावून तपासणारा डॉक्टर लागतो.

आजार मुळासकट जात नाही, हे खरं सांगायला हवं. पण औषधाने कित्येक वर्षं चांगलं चालतं. मुख्य औषध लेव्होडोपा, तेच जे शरीरात जाऊन डोपामिन होतं. ते राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, तेव्हा सरकारी दवाखान्यात आधी विचारा. गोळीची वेळ पाळावी लागते. बरीच माणसं ती जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घेतात, कारण डाळ, दूध, मटण यांच्यासोबत घेतली तर काहींना गुण कमी येतो. बरं वाटलं म्हणून गोळी अचानक सोडणं धोक्याचं आहे. खाजकुहिलीच्या बियांत हेच द्रव्य निसर्गतः असतं आणि कंपवातावर त्या आयुर्वेदात वापरतात. पण एका बीत किती हे आपल्याला मोजता येत नाही, तेव्हा गोळी चालू असताना पावडर आणून खाऊ नका, डॉक्टरांना विचारा. आणि व्यायाम. रोज भरभर चालणं, हात मुद्दाम मोठे झुलवणं, मोठ्याने वाचणं किंवा गाणं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ म्हणून रुग्णांचा आणि घरच्यांचा स्वमदत गट आहे. आपल्यासारखाच गट, फक्त बचतीऐवजी आजाराच्या अनुभवांची देवाणघेवाण. पुण्यात अशा रुग्णांसाठी नाचाचे वर्गही चालतात, कारण ताल मिळाला की अडकलेलं पाऊल सुटतं. अक्कांच्या बाबतीत ते भजनाच्या टाळावर दिसलं.

बैठकीत एकीने विचारलं, "मॅडम, फवारणीने होतो का हो?" पॅराक्वाटसारख्या तणनाशकाशी आणि काही कीटकनाशकांशी बराच काळ संबंध आलेल्या लोकांत हा धोका वाढलेला अभ्यासांत दिसला आहे. अमुक बाईला फवारणीनेच झाला असं कुणी सांगू शकत नाही. पण पंपाशेजारी उभं राहून पदराने नाक झाकणं पुरेसं नाही, फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका, एवढं आजपासून करता येतं. स्पर्शाने हा आजार पसरत नाही. ताट वेगळं करू नका.

कागदांचं दोन ओळीत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधल्या एकवीस प्रकारांत पार्किन्सन आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळतं, ४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. सुरुवातीच्या रुग्णाचं तेवढं भरेलच असं नाही. बँकेत सही जुळत नसेल तर नमुना सही नव्याने देता येते. सही अजिबात जमत नसेल तर आजारी किंवा वृद्ध खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. गटाच्या खात्यावर सही करणारी बदलायची तर ठराव करून बदला, पण कारण नीट विचारून.

निदानानंतरच्या पहिल्या बैठकीत मी माझा जुना अहवाल सगळ्यांसमोर वाचला आणि ते वाक्य खोडून खाली सही केली. जिने सुनेचं नाव घेतलं होतं ती ताई उठून अक्कांच्या घरी गेली आणि सुनेला घेऊन आली. दोघींत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. सून आता गटाची सभासद आहे.

अक्का पुन्हा येतात. अध्यक्षपद नको म्हणाल्या, कर्जफेडीचा हिशेब तोंडी तपासायचं काम घेतलं, ते त्यांच्याइतकं कुणाला जमत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय की आखलेल्या ओळींत, वरची आणि खालची रेघ धरून लिहायचं. समोर रेघ दिसली की अक्षर मोठं येतं. म्हणून हजेरीच्या यादीत आम्ही अक्कांसाठी दोन ओळी सोडतो. मागच्या बैठकीला मावशी म्हणाल्या, "तिला दोन ओळी आणि मला एकच का?" आता त्यांनाही दोन सोडतो.